शेळीनं कुरतडलेला दस्ता

बेंत्स श्टुकीला बंदुकांचा कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो बंदुका घेऊन येणाऱ्यांचा. खोऱ्यातल्या लष्करी शस्त्रागारात त्याची उभी हयात बंदुका खोलण्यात आणि परत जोडण्यात गेली. पेन्शनीत निघाल्यावर उन्हाला पाय पसरून बसावं, एवढाच त्याचा बेत. पण जुन्या लष्करी बंदुका जमवणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला, आणि त्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल कधी मोकळं म्हणून राहिलं नाही. जो तो बंदूक टेबलावर ठेवायच्या आधी तिची कहाणी ठेवायचा. बेंत्स कहाणीकडं कान करायचा नाही. नळीवरचा आकडा बघायचा, मग खिट्टीवरचा, मग लाकूड. सगळे भाग मुळात एकाच बंदुकीचे असले तर "जमतं", नाहीतर "जमत न्हाई." दुसरा शब्द ऐकला की माणसं कॉफी अर्धी टाकून जायची. त्याचाही आता शीण आला होता.

त्या गुरुवारी हेडी आली. वरच्या वाडीची, दोन गाई आणि चार शेळ्यांची मालकीण. इस्त्री केलेल्या चादरीत बंदूक गुंडाळलेली, जणू बारशाचं पोर. मागून धापा टाकत रेस. रेस गावाच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष. रविवारी मंडळाच्या नव्या खोपटाचं उद्घाटन होतं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खिंडीवर पहारा दिलेल्या गावकऱ्यांच्या बंदुका तिथल्या भिंतीवर लागणार होत्या.

"हिच्या बापाची," रेस म्हणाला. "तू जमतं म्हणालास तर टांगतो. न्हाईतर लोक मला टांगतील."

का, ते सगळ्या गावाला ठाऊक. हेडीचा बाप क्रिस्टेन युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात पहिल्यांदाच पहाऱ्याला गेला आणि हिवाळा सरता सरता घरी आला, तो उजव्या पायाची बोटं घालवून. तो म्हणाला, गारठ्यानं गेली. गाव म्हणालं, हा खिंडीत पोचलाच न्हाई. खालच्या रानात लपला आणि कुऱ्हाडीनं स्वतःच तोडून घेतली, सुटका व्हावी म्हणून. लष्करानं त्याला पुन्हा बोलावलं नाही. बंदूक तेवढी त्याच्याकडं राहिली, कपाटात, रविवारच्या कोटांच्या मागं. त्या देशात रीतच तशी. शिपायाची बंदूक शिपायाच्या घरी, आणि दुसऱ्याचा हात तिला लागायचा नाही. क्रिस्टेन त्यानंतर पन्नासएक वर्षं गाईंच्या मागून लंगडत राहिला. खानावळीत त्याच्या टेबलाशी कुणी खुर्ची ओढली नाही. बोटांबद्दल तो पुन्हा अवाक्षर बोलला नाही, आणि तसाच मेला.

बेंत्सनं चष्मा लावला. नळी, खिट्टी, गोळ्यांची पेटी, तिन्हीवर एकच आकडा. युद्धाच्या आधीची घडण. मग त्यानं मागचा लाकडी दस्ता उलटा केला आणि सुस्कारा टाकला.

"लाकूड जमत न्हाई."

"आं?"

"लोखंड आधीचं, आणि लाकूड बीच झाडाचं. बीचचे दस्ते युद्ध संपल्यावर आले, हेडी. तोवर सगळं अक्रोडाचं. हा दुसऱ्या बंदुकीचा हाय."

रेस दाराकडं वळलासुद्धा.

"थांब की जरा!" हेडी म्हणाली. तिचे कान लाल झाले. "लाकूड मीच बदललंय. बाबा गेल्यावर. जत्रेतनं आणलं."

"का पण?"

"का म्हणजे? बुडाशी सगळा खडबडीत, काळा, ठेचकाळलेला. मळकट वस्तू घरात ठेवू? पाहुणे येतात. लोक आधीच काय कमी बोलतात?"

बेंत्सनं कपाळाला हात लावला. त्या खोऱ्यातल्या बायका सरपणसुद्धा पुसून रचतात. बाईनं घर लख्ख ठेवायच्या नादात बापाचा साक्षीदारच बाहेर काढला होता.

"जुना कुठं हाय?"

हेडीनं खाली बघितलं. "शेळ्यांच्या दाराला टेकू दिलाय."

गुडघे कुरकुरत होते, तरी तिघंही बंदूक घेऊन चढण चढून गेले. दार कलंडू नये म्हणून चिखलात रोवलेला दस्ता, आणि त्याच्याशी उभी एक दाढीवाली शेळी. घामाचा खारटपणा लाकडात मुरलेला. तिनं तो मनसोक्त खाल्लेला.

रेस पोट धरून हसला. "घ्या! ह्यो ठेचकाळलेला दस्ता! बेंत्स, शेळीला विचार, ती कुठल्या पलटणीत होती?"

हेडी हसली नाही. तिनं शेळीला ढुंगणावर अशी चापट मारली की ती बिचारी दोन दिवस दूध चोरून बसली.

बेंत्सनं दस्ता हौदावर नेऊन नुसत्या पाण्यानं चिखल काढला. हेडी ब्रश घेऊन धावली तसा ओरडला, "टाक तो! आधीच पुरेसं धुतलंस." आधी त्यानं नळीखालची खाच लोखंडाशी लावून बघितली. झिजेला झीज बसली, म्हणजे दस्ता याच बंदुकीचा. मग बुडाची कड त्यानं उजेडात धरली आणि ओल्या अंगठ्यानं चोळली. शेळीच्या दातांच्या खुणा फिकट, तंतू सुटलेल्या. पण त्यांच्या खाली, आत दबलेले, तिरपे घाव होते; एकावर एक, आणि प्रत्येकाच्या तळाशी शाई सांडावी तसा निळाकाळा डाग.

"बघ, रेस. बर्फात बुटांच्या तळाच्या खिळ्यांमध्ये बर्फाचे गोळे बसतात. ते झाडायला शिपाई दस्त्यानं बूट ठोकतो. ओल्या अक्रोडात लोखंड बसलं की असा काळा डाग उमटतो. शेळीच्या दातात लोखंड नसतं."

रेस वाकला. हसू ओसरलं होतं. "नंतरचं असंल. पुढच्या एखाद्या हिवाळ्यातलं."

"नंतर कसलं? बोटं गेलेल्याला कोण बोलावतंय? आणि एवढे घाव खालच्या रानात एका दिवसात पडत न्हाईत. हिवाळाभर बर्फात उभी होती ही. आणि बंदूक काय आपली आपण खिंडीत चढती?"

रेसनं एका घावात अंगठा घालून बघितला.

हेडी पुढं आली. "मग म्हण. बोटंबी गारठ्यानंच गेली म्हण."

"ते ह्यात न्हाई."

"अरे, एवढं एक वाक्य! तुझं सगळं खोरं ऐकतं."

बेंत्सला फार दमल्यासारखं झालं. एक वाक्य. शेजारीण, रडायच्या बेतात, आणि म्हणायला काही जड नव्हतं. "न्हाई ठाऊक, हेडी. ठाऊक नसलेलं बोलायला लागलो तर मगाशी बोललो त्याचीबी किंमत जाईल. बाप तुझा खिंडीत होता. एवढं जमतं."

ती वळली. घरात गेली आणि धाडकन दार लावलं.

पण रविवारी बंदूक भिंतीवर होती. अक्रोडाच्या दस्त्यासकट. शेजारच्या बंदुका तेल पिऊन चकाकत होत्या, आणि मधेच ही, अर्धवट खाल्लेल्या पावासारखी. हेडी खाली उभी, मुठीत फडकं. हात दोनदा वर गेला आणि दोनदा तिनं तो खाली घेतला.

सॉसेज भाजायला लागले, वाइन फिरली, आणि म्हातारी मंडळी भिंतीसमोर जमली. बेंत्स कडेच्या बाकावर होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"होता बरं का वर."

"व्हय की. बेंत्सच म्हणालाय."

"म्हणजे बोटं वरच तोडली असतील त्यानं. बर्फात."

लोकांनी कुऱ्हाड काही टाकली नव्हती. फक्त खालच्या रानातून उचलून वर खिंडीत नेऊन ठेवली होती.

हेडी ताटली घेऊन आली आणि बेंत्सच्या शेजारी धपकन बसली. गुरुवारपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. "ऐकलंस?"

"ऐकलं."

तिनं सॉसेजचा तुकडा मोडला, मोहरी लावली आणि सावकाश चावला. "खिंडीपर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली ह्या लोकांना," ती म्हणाली. मग मुठीतलं फडकं झटकून मांडीवर पसरलं आणि त्यालाच हात पुसले.