सिद्ध न झालेले खरात सर

आमच्या जाफराबादच्या कॉलेजात स्टाफरूम कितीही झाडा, खडूची धूळ आणि खरात सरांचे किस्से उरतातच. सर गणिताचे हेड, मी त्यांचा ज्युनिअर. नियम कितीही पक्के करा, त्यांतून सिद्ध न होणारं एखादं सत्य राहतंच, हे प्रमेय तालुक्यात निदान एकाला कळावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणायचे, "एकाला कळू दे, मंग मी मरायला मोकळा."

वर्गात शिकवलं. त्या वर्षी 'सिद्ध करा'च्या प्रश्नाखाली अख्ख्या वर्गानं एकच ओळ लिहिली: 'विधान खरं आहे, पण सिद्ध होत नाही.' सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

राजूरला जाताना जीपवाल्याला समजावलं. "कितीही बसवा, एक बाहेर राहतोच."

"राहत न्हाई, सर. टपावर घेतो."

आणि सरांनाच टपावर बसवलं.

*

प्राचार्यांना परीक्षेची अशी नियमावली हवी होती, की काही सुटता कामा नये. "सुटणारच," सर म्हणाले. पहिल्याच पेपरला हॉलमध्ये बकरी शिरली. पहिला अर्धा तास कोणालाही बाहेर सोडायचं नाही, हा नियम. सुपरव्हायझरनं तो पाळला. बकरीनं एकाची पुरवणी खाल्ली.

प्राचार्यांनी बकरीचा नियम वाढवला. पुढच्या पेपरला कुत्रं आलं.

"आता कळलं?" सरांनी आशेनं विचारलं.

"बिलकुल. कुत्र्याचा टाका."

*

रिटायर झाल्यावर सर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. मी सोबत होतो. जन्मभर खडू धरून बोटं घासलेली, मशीन एकाही बोटाचा ठसा घेईना. ठसा नाही, तर पेन्शन थांबणार. काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली.

"सर, तुम्ही जिवंत आहात, हे मला दिसून राह्यलं. खरंच आहे ते. पण आमच्या सिस्टीममध्ये सिद्ध होत न्हाई."

सर काउंटरवर पुढे झुकले. "मंग एखादा नियम वाढवला तर?"

"मागं वाढवला होता, सर. मंग दुसरंच कोणीतरी अडकलं."

सरांचे डोळे भरून आले. तिच्यापुढे त्यांनी हात जोडले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. "झालं का काम?"

"झालं!" सरांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "आता मी मरायला मोकळा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "अन् पेन्शन?"

"ती बंद. पेढा घे."