दोषारोप, माझ्या अंगावर ठेवलेला

"लाव अंगठा," कारकून म्हणाला. पिंपरीच्या औषध कारखान्याचं फाटक. पाळी सुटलेली. सगळ्या बायांसमोर मी एकटी उभी. बाटल्या फुटल्याबद्दल माझ्यावर दोषारोप ठेवण्यात येत आहे, असं त्यानं कागदावरून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

बाटल्या मी फोडल्या नव्हत्या. वाफेतून काढलेल्या गरम बाटल्यांवर गार पाण्याचा नळ सोडला तो आमच्या सुपरवायझर बाईंनी. साहेब बघायला येणार होते, बाईंना घाई झाली होती. मी म्हटलंसुद्धा, "बाई, तडकतील." तडकल्याच. साहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

याच बाईंनी मला भोसरीहून आणून कामाला लावलं होतं. "तू मला धाकट्या बहिणीसारखी," म्हणायच्या. मी वेडी, घरी आईला कौतुकानं सांगायची. या बहिणीला पाणी मात्र वरून, ओंजळीत. आम्ही महारवाड्यातल्या, माठाला हात लावायचा नाही. तेही मी गोड मानून घेतलं होतं. आज आठवलं की अंगाची आग होते.

फाटकाशी बाई पदर सावरत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलतील म्हणून. त्यांनी पदर आणखी घट्ट ओढून घेतला.

"दोषारोप म्हंजी काय वो?" मी कारकुनाला विचारलं.

तो हसला. "संस्कृत आहे, तुला काय कळणार! आरोप म्हणजे चढवणं. एखादी गोष्ट नेऊन दुसऱ्यावर ठेवणं. दोष तुझ्यावर ठेवलाय. आता लाव अंगठा."

मला लख्ख कळलं. माझ्या हातचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, त्यांनी स्वतःचा दोष आणून माझ्या अंगावर ठेवला होता. तेव्हा विटाळ झाला नाही.

"बाई," मी म्हणाले, "ह्यो तुमचा हाय. माझ्या अंगावरनं उचला. मी अंगठा देनार न्हाई."

आवाज सगळ्यांना ऐकू गेला. बाईंनी मान फिरवली.

काम गेलं. आई माझ्यावरच चिडली, "गप बसायचं व्हतं." बाईंचं काही वाकडं झालं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पुढं कामं बदलली, फाटकं बदलली, कागद वाचणारे तसेच राहिले. पण माझ्यावर काही ठेवायला कुणी आलं, की मी सगळ्यांसमोर विचारते, "हे कुणाच्या अंगावरनं काढून आणलंत?" उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही.