सावली म्हणजे खड्डा नव्हे

इतवारीतल्या एका दवाखान्यात मी दातांची डॉक्टर म्हणून नोकरी करत होते. दवाखाना सरांचा. कॉलेजात त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी नुकताच एक कॅमेरा घेतला होता. तो दाढेवर टोपीसारखा बसवला की डोळ्यांना न दिसणारा प्रकाश दातातून आरपार जायचा. चांगला भाग पडद्यावर उजळ दिसायचा आणि कीड लागायला सुरुवात झालेली असली तर तिथे काळी सावली.

एका दुपारी कामठीहून एक बाई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं काही दुखत नव्हतं. शाळेतल्या तपासणीत चिठ्ठी मिळाली म्हणून आणलं होतं. मी कॅमेरा लावला. दोन दाढा एकमेकींना टेकतात तिथे दोन्हींवर सावली होती, पण वरच्या कडक थरातच. आतल्या थरापर्यंत पोचली नव्हती.

सर मागे येऊन उभे राहिले. "दोन फिलिंग. आजच करून टाक."

"खड्डा पडलेला नाही, सर. फ्लोराइड लावलं, दोऱ्याने फटी साफ ठेवल्या तर इथेच थांबेल."

"आणि नाही थांबलं तर? ही माणसं परत येतात का?"

बाई तिथेच उभी होती. ती सरांशी बोललीच नाही, माझ्याकडे वळली. "मॅडम, माह्या दाढा अशाच कोरल्या होत्या. आता एकबी नाही राहिली. पोरीचं कोरल्याशिवाय चालते का?"

"चालतं. पण सहा महिन्यांनी दाखवायला आणावं लागेल."

"आणीन ना. काहून नाही आणणार?"

सरांनी ड्रिल माझ्या हातात दिलं. मी ते परत ट्रेमध्ये ठेवलं. "मी करणार नाही, सर."

त्यांनीही केलं नाही. मी फ्लोराइड लावलं, मायलेकींना आरशासमोर दोरा फिरवायला शिकवलं. संध्याकाळी सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

"माझं चुकलं काय, तेवढं सांगा," मी म्हणाले. ते फोनवर बोलू लागले.

सदर भागातल्या दुसऱ्या दवाखान्यात मला काम मिळालं. तिथेही तसा कॅमेरा होता. सहा महिन्यांनी ती बाई माझा पत्ता विचारत मुलीसकट तिथे आली. सावली होती तेवढीच होती.

नंतर अशीच न कोरता ठेवलेली एका पेशंटची सावली वाढलीही. मी ती दाढ कोरून भरली. सोबतचे डॉक्टर अजून ते उदाहरण मला ऐकवतात. ऐकवू देत. वाढेल तेव्हा कोरीन, त्याआधी माझ्या हातून होणार नाही.