मधल्या भागातला बाप

पुस्तक हातात आलं की काका आधी शेवटचं पान उघडत, चष्मा कपाळावर सरकवत आणि शर्टाच्या खिशातून खोडरबर काढत. "पुस्तक म्हणजे एसटी स्टँडची भिंत नव्हे," असं म्हणायचं आणि वाचकांनी तिथे लिहिलेली मतं खोडायला लागायचं.

तुम्ही वाचनालयाची पुस्तकं वाचली असतील, तर ती शेवटची पानं तुम्हालाही ठाऊक असतील. 'छान आहे.' 'वेळ वाया.' 'शेवट पटला नाही.' आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मग वाचलंत कशाला?' सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयात मी काउंटरवर बसत असे. मागे पाटी होती : 'पुस्तकात मत लिहू नये. मत घरी ठेवावे.' पाटी मीच रंगवली होती. तिचा परिणाम एवढाच झाला, की कोणीतरी पाटीवरच 'का?' असं लिहून गेलं.

ही मतं खोडणाऱ्या काकांना आम्ही रबरकाका म्हणत असू, अर्थात पाठीमागे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती, तिथेच तिनं फ्लॅट घेतला होता. काकांना एकदा बाथरूममध्ये चक्कर आली, तेव्हापासून ती त्यांना तिकडे राहायला बोलावत होती. "हिंजवडी म्हणजे पुणे नव्हे," काका म्हणत. "तिथे राहायचं, तर मग लंडन काय वाईट आहे?" मुलगी दर शनिवारी बस बदलत यायची, वाद घालायची आणि परत जायची. हे काका मला पुस्तक बदलताना सांगत, तेही सामना जिंकून आल्याच्या थाटात.

त्या सुमारास आमच्याकडे तीन भागांची एक भाषांतरित कादंबरी आली. तरुणांसाठी लिहिलेली. भिंतीनं वेढलेलं एक शहर, दारादारावर पहारा. सोळा वर्षांची एक मुलगी पहिल्या भागात तिथून निसटते. दुसऱ्या भागात ती बापाला न्यायला जीव धोक्यात घालून परत येते आणि बाप म्हणतो, मी येत नाही. अख्खा भाग हेच. पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहून, कंपनीच्या बसनं हिंजवडी गाठणारी पोरं रविवारी या पुस्तकासाठी नंबर लावायची.

पहिल्या भागाचं शेवटचं पान कोरंच राहिलं. दुसऱ्याचं मात्र भरभर भरलं. 'बोअर. बाप उठतच नाही.' 'हिला परत यायची गरज काय?' 'आमचे पप्पा सेम!' 'उचलून न्या रे याला कोणीतरी.'

काका खोडायला बसले आणि मध्येच थांबले. पुस्तक घेऊन काउंटरवर आले. "हे कोणी लिहिलंय?" त्यांच्या बोटाखाली वाक्य होतं : 'म्हातारा स्वार्थी आहे.'

"नाव कोण लिहितंय, काका?"

"न वाचताच लिहिलेलं दिसतंय."

"तुम्ही वाचलंय?"

वाचलं नव्हतं. घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी हजर. "तो बाप अगदी बरोबर आहे. पहारा असो नाहीतर आणखी काही, घर आहे त्याचं! तिसऱ्या भागात तो जागचा हलला, तर लेखक कामातून गेला समजायचं." ते एक वाक्य मात्र त्यांनी खोडलं नाही.

त्यानंतर रविवारी ते काउंटरशेजारच्या बाकावर बसू लागले. कोणी दुसरा भाग परत करायला आलं, की पुढे व्हायचे. "अहो, एक विचारू? राग नाही ना? त्या बापाबद्दल आपलं काय मत?" बाविशीच्या पोरांना एवढा मान कोणी दिलेला नसायचा. एक जण म्हणाला, "अंकल, तो कॅरेक्टर फक्त स्टोरी स्लो करायला टाकलाय." काका संतापले. मग दोन दिवसांनी मला हळूच विचारलं, "स्लो म्हणजे नेमकं काय म्हणायचं असेल हो त्याला?" गंमत म्हणजे त्यांना कोणाचं मत बदलायचं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

एकदा अमरावतीची एक मुलगी आली. काकांनी विचारलं, तशी तिनंच उलट विचारलं, "काका, तो बाप थांबलाय कोणासाठी तिथं?"

"त्याचं घर आहे."

"घरात कोण आहे?"

"तो आहे."

"माझे बाबा पण असेच आहेत ना. येतच नाही म्हणतात. पुण्याचं पाणी मानवत नाही म्हणे. रोज फोनवर भांडतो आम्ही."

"मग राग येत असेल तुम्हाला."

"राग कुठला, काका? भीती वाटते. पडले-बिडले तर कोण आहे तिथं? त्या पोरीला पण भीतीच वाटते, म्हणून तर परत आली ती."

त्या दिवशी काका कोणाशी वाद न घालता उठले आणि तिसरा भाग घेऊन घरी गेले. त्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. वाचणाऱ्याला शेवट सांगायचा नाही, असं काकांनीच मला बजावलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते आले आणि खोडरबर माझ्यापुढे ठेवला. "हा तुमच्याकडे असू द्या. उद्या मुलगी न्यायला येतेय. बघतो महिनाभर, पाणी मानवलं तर." मग दुसरा भाग मागून घेतला, माझ्याकडे पाठ करून बाकावर बसले, पुस्तक जागेवर ठेवलं आणि गेले. मी शेवटचं पान उघडलं. 'म्हातारा स्वार्थी आहे'च्या खाली कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'स्वार्थी नाही हो. घाबरलेला आहे.'

पाटी माझी होती, रबर माझ्या हातात होता, पण खोडवेना.

महिनाभराचे बरेच महिने झाले. बाकावर आता लोक पिशव्या ठेवतात. काका मात्र दर रविवारी फोन करायचे. उंच इमारतीची, लिफ्टची, न मिळणाऱ्या भाकरीची तक्रार झाली की आवाज खाली यायचा. "एक विचारू? त्याच्या खाली कोणी काही लिहिलंय का?"

"नाही, काका."

"बरं, बरं. सहज विचारलं."

मग एका शनिवारी त्यांची मुलगी तिसरा भाग परत करायला आली. "बाबा सारखे ज्याच्याबद्दल बोलतात तो दुसरा भाग बघू?" म्हणाली. मी काढून दिला. शेवटचं पान तिनं उभ्या उभ्याच वाचलं, मग बाकावर बसून पुन्हा वाचलं. थोड्या वेळानं डोळे पुसत तिनं माझ्याकडे पेन्सिल मागितली. पाटी माझ्या डोक्यावरच होती. मी पेन्सिल दिली.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा फोन आला आणि नेहमीचा प्रश्न.

"लिहिलंय," मी म्हटलं. "'मग तसं सांगायचं ना, बाबा. मीपण घाबरले होते.'"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अहो," काका म्हणाले, "ते खोडू नका हं."