खालचं निशाण

आपल्या नवऱ्याला एकदा तरी हरवायचं म्हणून बासिलिसा आठ वर्षं झटत होती, आणि त्या रविवारी तिला शेवटची संधी होती. शनिवारी पावाची कणीक मळता मळता तेओफिलोने तिला हळूच सांगितलं होतं, "उद्याची माझी शेवटची स्पर्धा. गुडघा ऐकत नाही आता. पण आपल्या नेमबाजांच्या तुकडीत कुणाला बोलू नकोस. उगाच कीव करतील."

फिलिपिन्सच्या सेबू बेटावरच्या त्या गावात रविवारी कुणी चर्चमधून थेट घरी जात नसे. अर्धा गाव डोंगरापलीकडच्या जुन्या दगडखाणीत पिस्तुलं घेऊन हजर. बासिलिसा आधी नुसती नवऱ्याचा डबा घेऊन यायची. सावलीत बसून बसून कंटाळली, एकदा गंमत म्हणून पिस्तूल हातात धरलं आणि तिथेच फसली. तिथे थोरल्या बाईला मानाने नांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला नोंग. गिऱ्हाइकं विचारत, "नांग, पाव विकायचे सोडून या वयात गोळ्या कसल्या झाडता?" ती म्हणे, "भट्टीपाशी उभी राहिले की डोक्यात मैद्याचा भाव, सुनेचे रुसवे, छपराची गळती. खाणीत फेरीचा टायमर वाजला की ते सगळे गप्प बसतात. पळायचं, भिंतीआडून डोकवायचं, दिसलं निशाण की दोन गोळ्या, की पुढे. तेवढा वेळ मी कुणाची कुणी नसते."

शिवाय मंडळी धमाल होती. फेरी सुरू होण्याआधी सगळे पिस्तुलाशिवाय नुसतं बोट रोखून वाट पाठ करत फिरायचे. दातांची डॉक्टर नेरिसा, दोन रिक्षावाले, एक निवृत्त न्यायाधीश, सगळे गंभीर चेहऱ्याने हवेत बोटं नाचवत. बाहेरचा कुणी बघेल तर म्हणेल, यांना वेड लागलंय. थोडंफार लागलेलंच होतं म्हणा.

त्या दिवशी तेओफिलोची पाळी बायकोच्या आधी आली. म्हातारा लंगडत नव्हता, पण दात आवळून पळत होता. तरी वेळ उत्तम आली. पंच आर्सेनियोने निशाणांवरची भोकं मोजली, आणि त्याच्या मागोमाग तुकडीतले लोक त्या भोकांवर चिकटपट्ट्या लावत निघाले, पुढच्याला निशाण कोरं मिळावं म्हणून. पिंपाआडचं एक निशाण अगदी जमिनीलगत होतं.

"ते राहू द्या, नोंग," नेरिसा म्हणाली. "वाकलात तर उचलायला क्रेन मागवावी लागेल."

"तू तुझ्या कवळ्या सांभाळ," म्हणत तेओफिलो चिकटपट्टी घेऊन स्वतःच पिंपाआड गेला.

मग बासिलिसाची पाळी. टायमर वाजला आणि तिचे पाय आपोआप सुटले. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, काही आठवावं लागलं नाही. शेवटची गोळी सुटली, पिस्तूल रिकामं झालं, आणि आर्सेनियोने वेळ वाचली, नवऱ्याहून कमी. तुकडीने एकच गलका केला. नेमबाजी बरी निघाली तर नवरा हरलाच.

एकेक निशाण चांगलं निघत गेलं. पिंपाआड मात्र तीन भोकं होती. दोन मधोमध, एक कडेला.

"चांगली दोन धरतो," आर्सेनियो म्हणाला. "नांग, जिंकलात!"

बासिलिसा त्या भोकांकडे बघत राहिली. इथली दुसरी गोळी सुटतानाच ती भरकटल्याचं तिच्या हाताला कळलं होतं. म्हणजे कडेचं भोक तिचं. मग मधलं एक कुणाचं? गप्प बसली असती तर कुणी काही विचारणार नव्हतं. पण अशी जीत घरी नेऊन ती करणार काय?

"मी इथे दोनच झाडल्या," ती म्हणाली. "एक भोक माझं नाही."

आर्सेनियोने वाकून पाहिलं. एक चिकटपट्टी भोकाच्या शेजारी, कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटली होती. "कुणाचं कुठलं, सांगता येत नाही. फेरी पुन्हा घ्यावी लागेल. इथली पट्टी कुणी लावली?"

सगळ्यांनी तेओफिलोकडे पाहिलं.

"वा नोंग!" न्यायाधीश हसले. "बायको पुढे जाईल या भीतीने पट्टीचा बरा नेम चुकला!"

क्षणभर बासिलिसालाही तसंच वाटलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेओफिलोचा चेहरा उतरला. "मुद्दाम नाही," तो म्हणाला. "वाकवलं नाही मला. वरूनच चाचपडत लावली. गुडघा गेलाय माझा. आज शेवटचं म्हणून आलो होतो."

नेरिसाने मुकाट्याने त्याच्या हातातली चिकटपट्टी घेतली आणि गुडघ्यावर बसून तिन्ही भोकं बुजवली.

बासिलिसा पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्या मनात राग नव्हता, नुसतं वाईट वाटत होतं. टायमर वाजला तसं तेही मागे पडलं. ती पळाली, वळली, पिंपाआडच्या निशाणावर या वेळी दोन्ही गोळ्या मधोमध बसल्या. पण वेळ थोडा जास्त लागला. थोडाच, पण नवरा जिंकायला पुरे एवढा. तिला हसूच फुटलं.

दुपारी नारळाच्या झावळीत शिजवलेला भात आणि भाजलेलं मांस खात सगळे बसले. आर्सेनियो पुढच्या महिन्याच्या स्पर्धेची नावं विचारत होता.

"मलाही धर," तेओफिलो म्हणाला.

"आणि गुडघा?" बासिलिसाने विचारलं.

"सगळ्यांना कळलंच आता. लपवायचं काय उरलं? सावकाश पळेन. खालची निशाणं नेरिसा चिकटवेल." मग तो तिच्याकडे झुकला. "आणि न हरता घरी बसलो तर भट्टीपाशी मला सुखाने जगू देशील होय?"

बासिलिसाचे डोळे भरून आले. नवऱ्याला हरवायचं तर होतंच, पण तो समोर नसता तर तिला या खाणीत पाऊलही टाकवलं नसतं. तिने आपल्या पानातला मोठा तुकडा उचलून त्याच्या भातावर ठेवला.

"जेव लवकर," ती म्हणाली. "मला सराव करायचाय."