हरेशच्या टाकीतलं समुद्रफूल

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याच्या घरी मासे फार टिकत नाहीत, किस्से मात्र टिकतात. आमच्याकडे तर ते इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. आम्ही म्हणजे तिघे. शाळेत विज्ञान शिकवणारा मी, गिरीजला केळीची वाडी असलेला फ्रान्सिस आणि ज्याच्या घरी टाकी होती तो हरेश. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईत तेव्हा असले वेडे आम्हीच असू.

हरेशचं थोडं सांगायला हवं. खाडीकडे त्यांचं पिढीजात मिठागर होतं. हरेशने मुंबईत ऑफिसची नोकरी धरली आणि त्याच्या बाबांनी आगर दुसऱ्याच्या हाती दिलं. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. तीन वर्षं! एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, आणि हरेश समोर उभा असताना सुनेला म्हणायचे, "त्याला सांग, छत्री ने." हरेश म्हणायचा, भांडले असते तर परवडलं असतं. गप्प घरात काहीतरी हलतं दिसावं म्हणून त्याने टाकी आणली होती.

* * *

मुंबईच्या दुकानातून समुद्रफूल आणलं तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, एकदम टाकीत सोडू नका, आधी टाकीचं पाणी थेंबथेंब त्याच्यावर पडू द्या. आता थेंबथेंब कसं पाडायचं? फ्रान्सिसची बायको नर्स. तिने सलाइनची नळी दिली. वर टाकी, खाली बादलीत फूल, मध्ये नळी, आणि भोवती आम्ही तिघे श्वास रोखून बसलेलो. शेजारच्या काकू खिडकीतून डोकावून गेल्या. अर्ध्या तासाने दोन शहाळी घेऊन आल्या आणि दारातच हळू आवाजात विचारलं, "बाबांना कधीपासून बरं नाही?"

बाबा त्यांच्या मागेच उभे होते. एक शहाळं त्यांनीच प्यायलं.

* * *

टाकी होती घर आणि ओटी यांच्यामधल्या खिडकीत. फुलासाठी फ्रान्सिसने झकास जागा निवडली, बरोबर मधोमध, सोफ्यावरून दिसेल अशी. कंद लावावा तसं त्याने ते दगडाच्या खोबणीत बसवलं. पण समुद्रफूल नावाचंच फूल. तो प्राणी आहे आणि त्याला पाय नसले तरी चालता येतं. दोन दिवसांत ते सरकत सरकत मागच्या काचेला जाऊन चिकटलं. सोफ्यावरून दिसेना. दिसायचं फक्त ओटीवरच्या खुर्चीतून, आणि त्या खुर्चीत दिवसभर बाबा बसलेले असायचे.

हरेशने हात घालून ते पुढे आणायचं ठरवलं. वहिनी बाहेरून निरोप घेऊन आल्या, "बाबा म्हणतायत, त्याला सांग, फूल हलवायचं नाही."

* * *

खाण्याचं पथ्य कडक होतं. आठवड्यातून एकदा कोळंबीचा एक तुकडा, बस. एका रविवारी मात्र संध्याकाळी फुलाने पोटातलं सगळं बाहेर टाकलं आणि पाणी पेजेसारखं गढूळ झालं. चौकशी सुरू झाली. हरेशने सकाळी एक तुकडा दिला होता. वहिनींनी कोळंबी सोलताना दिला, कारण ताजी होती. फ्रान्सिसला ते भुकेलेलं वाटलं. मी तर फक्त ते कसं खातं हे बघायला दिला. चौघांनीही गुन्हा कबूल केला.

हरेशने जाळीने तुकडे बाहेर काढले तेव्हा पाच निघाले. पाचव्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही.

* * *

वीज गेली की पंप बंद पडायचा. मग टाकीतलंच पाणी मगाने उचलून वरून ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. फ्रान्सिस मनातल्या मनात रोझरी म्हणत ओतायचा, त्यामुळे त्याचा हात एका लयीत चालायचा. एकदा वीज आली तरी तो थांबेना. मी म्हटलं, अरे, पंप सुरू झाला. त्याने डोळे न उघडता सांगितलं, "मग काय, नमो मरिये अर्धी सोडू?"

* * *

होळी झाली आणि फूल आक्रसायला लागलं. ताटलीएवढं फुलणारं ते वाटीएवढं झालं, मग लिंबाएवढं. हरेशने दोन दिवस रजा टाकली. हे गेलं तर टाकी काढून टाकीन आणि घरात पुन्हा काही जिवंत आणणार नाही, असं तो म्हणाला.

आम्ही उजेड कमी केला, मग वाढवला. दगड हलवून पाहिले. पाण्याबद्दल तर शंकाच नव्हती. उन्हामुळे टाकी आठवड्याला बोटभर खाली जायची, आणि दर रविवारी आम्ही स्कूटरवरून कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन भरतीचं स्वच्छ पाणी कॅनमध्ये आणायचो व टाकी काठोकाठ भरायचो. समुद्रातल्या जिवाला समुद्राचंच पाणी! गोड्या पाण्याचा थेंब पडू नये म्हणून हरेश टाकीत घालायच्या आधी हातसुद्धा पुसायचा.

त्या रविवारी त्याने कॅन उचलला आणि बाबा ओटीवरून आत आले. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि चव घोळवत थोडा वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता सुनेला हाक मारतील. त्यांनी मारली नाही.

"पानी उडून जातं," ते हरेशकडे बघून म्हणाले. "मीठ कुठं जातं रे?"

त्याच आठवड्यात मी सातवीला बाष्पीभवन शिकवलं होतं. मिठागराचं उदाहरण देऊन. मी जमिनीकडे बघायला लागलो.

हरेशने कॅन खाली ठेवला. "तिथंच राहतं, बाबा."

"मंग तीन महिने तू घरात मीठ पिकवतोस."

हरेश मागच्या दारी गेला, विहिरीचं पाणी कळशीत भरून घेऊन आला आणि टाकीपाशी नुसताच उभा राहिला. किती ओतू, असं त्याने विचारलं.

बाबांनी स्टूल ओढलं आणि टाकीसमोर बसले.

"तू हलूहलू ओत," ते म्हणाले. "कवा थांबायचं ते मी सांगतो."