दोराच्या रेषेत

माझ्या थोरल्या भावाला धक्क्यावर कुणी नावानं हाक मारत नाही. तिथे तो ‘बाजूला’. “बाजूला आले का?”, “बाजूलांना विचारून घ्या,” असं लोक खुशाल बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण दिवसभर त्याच्या तोंडून हाच एक शब्द निघत असतो. जहाज धक्क्याला लागलं की त्याचे दंडाएवढे जाड दोर काठावरच्या लोखंडी खुंट्यांना अडकवायचे असतात. ते काम करणाऱ्या टोळीचा दादा मुकादम.

लोकांना वाटतं, त्यात काय, दोर तर बांधायचा. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पण फास खुंट्यावर पडला की जहाजावरचं यंत्र दोर खेचायला लागतं, लाटेनं जहाज मागेपुढे होतं, आणि दोर ताणत ताणत बारीक होत जातो. असा दोर तुटला की त्याचं टोक ज्या रेषेत ताणलेलं असतं त्याच रेषेत उलटं येतं आणि वाटेतलं सगळं घेऊन जातं. तुटल्याचा आवाज कानावर पडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून दादाचा उभ्या आयुष्यात एकच नियम: ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही.

हा नियम तो घरीही पाळायचा, आणि आम्हाला पाळायला लावायचा. वहिनी गच्चीत कपड्यांची दोरी घट्ट करायला लागली की खालच्या जिन्यातून आरोळी यायची, “बाजूला!” वहिनी म्हणायची, “अहो, चादरी आहेत, जहाज नाही.” मी वरच्या मजल्यावर राहते आणि शिवणकाम करते. एकदा मी त्याला म्हटलं, “दादा, आपला दोघांचा धंदा दोऱ्याचाच. माझा तुटला तर मी सुईत परत ओवते.” तो हसला नाही. माझ्या मशीनसमोरसुद्धा तो कधी उभा राहिला नाही, कडेला उभा राहूनच बोलायचा.

आणि आवाज! देवानं त्याला गळा दिला होता की कर्णा, कोण जाणे. वारा, यंत्रं, क्रेनची घरघर, सगळ्याच्या वरून त्याचा शब्द पोहोचायचा. टोळीतली माणसं दोराकडे बघायचीच नाहीत. दोराकडे बघायचं काम बाजूलाचं, आपण हात चालवायचे. “बाजूला” ऐकू आलं की विचार न करता उडी मारायची. इतकी वर्षं त्याच्या टोळीत कुणाच्या अंगाला साधं खरचटलंही नव्हतं, आणि दादाला त्याचा फार अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

या टोळीतच वहिनीचा धाकटा भाऊ होता. त्याला सगळे ‘निवांत’ म्हणायचे. उंचपुरा, हसरा, आणि घाई हा प्रकार त्याच्या गावीही नव्हता. बोट चुकली तर दुसरी येईल, चहा निवला तर गार पिऊ, असा कारभार. आई गेल्यावर वहिनीनंच त्याला वाढवलेला, त्यामुळे तिचा जीव त्याच्यात. लग्न होऊन आली तेव्हा सामानाबरोबर हा भाऊही आला. मोठा झाल्यावर दादानं त्याला टोळीत घेतलं तेव्हा वहिनीनं विचारलं होतं, “अहो, तिथे जिवाला धोका नाही ना?” दादा म्हणाला होता, “मी आहे ना ओरडायला.” त्यावर निवांत म्हणाला, “ताई, दाजी घरी ओरडतात तेवढंच तिथे ओरडतात. सवय आहे मला.” आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

मग दादाचा आवाज बसला. आधी सकाळी सकाळी घोगरा लागायचा, नंतर संध्याकाळी, आणि मग एक दिवस आरोळी ठोकायला गेला तर नुसती हवाच बाहेर आली. वहिनीनं त्याला ओढूनच घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही सोबत गेले. बाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. ओरडून ओरडून आल्या आहेत.” मी म्हटलं, “घ्या, याच्या घशातही दोरच निघाले.” बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. पूर्ण मौन पाळायचं. कुजबुजसुद्धा नाही. गाठी आपोआप विरघळतील. मात्र मध्येच एकदा जरी जोर लावून ओरडलात तर आवाज कायमचा जाईल, मग माझ्याकडे औषध नाही.

आवाज गेलेला मुकादम धक्क्याच्या काय कामाचा? त्याला दोरांच्या कोठीत बसवतात, हातमोजे वाटायला. आधीचा एक मुकादम तिथे बसून बसून कसा वाळून गेला ते दादानं पाहिलं होतं. कोठीचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा पडायचा. त्यामुळे वहिनीनं जेव्हा त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, “आजवर मी तुम्हाला कशाला अडवलं नाही. आता एवढं ऐका. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही,” तेव्हा त्यानं मुकाट्यानं मान हलवली. रजा मात्र घेतली नाही. टोळी दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयारच नव्हता.

घरात इतकी शांतता पसरली की शेजारीण चौकशी करून गेली. पाणी हवं असलं की दादा पेल्यावर चमचा वाजवायचा. मीठ कमी असलं की भुवया उडवायचा. वहिनी मला म्हणायची, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण होतंय गं.” ती त्याच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून फिरत होती, आणि खरं सांगायचं तर ती मजेत होती. तोही ऐकत होता बिचारा. खोकला आला तरी आधी तिच्याकडे बघायचा.

धक्क्यावर त्यानं गळ्यात शिट्टी अडकवली. टोळीनं बसून खुणा ठरवल्या. शिट्टी वाजली की बाजूलाकडे बघायचं आणि तो हातानं काय दाखवतो ते करायचं. हात वर म्हणजे थांब, हात फिरवला म्हणजे खेच, दोन्ही हात फेकले म्हणजे बाजूला. सगळ्यांना पटलं. शब्द नाहीत तर खुणा, सोपं तर होतं. लहान जहाजांवर ते छान चाललं. निवांत तर घरी आला की वहिनीला शिट्टी वाजवून चहा मागायचा आणि हातानं कप दाखवायचा. बाजूला व्हायची वेळ येते तेव्हा बघायला वेळ नसतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं त्या धक्क्यावर काढलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही, तर आमच्या काय येणार.

त्या दिवशी जहाज नव्हतं. भर समुद्रात तेलाच्या विहिरीवर काम करणारा एक तरंगता प्लॅटफॉर्म दुरुस्तीसाठी आणला होता. पाण्यावर उभी केलेली तीन-चार मजली इमारतच म्हणा. जहाजाला निदान नाक असतं, ते वाऱ्याला कापतं. ही चौकोनी भिंत सगळा वारा अंगावर घेत होती. टग, म्हणजे अशी धुडं ढकलणाऱ्या ठेंगण्या बोटी, तिला काठाकडे रेटत होत्या. तिचे दोरही तिच्यावरचेच, वर्षानुवर्षं उन्हात पडलेले. बाहेरून धड दिसायचे. पुढचं मला क्रेनवाल्यानं सांगितलं. तो उंचावर होता, त्याला सगळं दिसत होतं.

दुपार होती. निवांतनं पहिल्या दोराचा फास खुंट्यावर टाकला आणि मागे आला. वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, प्लॅटफॉर्म काठापासून जरा लांब गेला, दोर उचलला गेला आणि फास खुंट्याच्या वरच्या कडेला चढला. तो निसटला असता तर सगळं काम पहिल्यापासून. निवांत परत गेला आणि पायानं फास खाली दाबायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घाई केली होती, असं क्रेनवाला म्हणाला. तेवढ्यात दोर करकरायला लागला. दादा बाजूच्या चौथऱ्यावर उभा होता. त्यानं दोर बारीक होताना पाहिला आणि शिट्टी फुंकली.

आणि निवांतनं, ठरल्याप्रमाणे, मान वळवून दादाकडे पाहिलं. तिथेच, रेषेत उभा राहून. भुवया वर करून, काय दाजी, असं विचारल्यासारखं.

दादानं शिट्टी थुंकून टाकली आणि ओरडला, “बाजूला!”

आवाज खणखणीत आला. पूर्वीपेक्षाही मोठा, क्रेनवाला म्हणाला. वर केबिनमध्ये त्याला स्वच्छ ऐकू आलं. टोळीतले बाकीचे सगळेच्या सगळे उडी मारून बाजूला झाले, टगवरच्या माणसांनीही अंग चोरलं. गाठी कधीच्या विरघळल्या होत्या. दादाचा घसा बरा झाला होता आणि ते दादालाच माहीत नव्हतं. फक्त शिट्टी वाजवायला आणि शिट्टी थुंकायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ निवांतजवळ नव्हता.

निवांतला घरी आणलं तेव्हा वहिनी रडली नाही. तिनं त्याचे बूट काढून ठेवले आणि दादाकडे पाहिलं. दादानं तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होता. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं परत मिटून घेतलं.

चौकशी झाली. कुणाचीच चूक निघाली नाही, निघाली ती दोराची. शिट्ट्या बंद झाल्या, आता खांबांवर भोंगे बसवले आहेत. डॉक्टरबाईंनी घसा पाहिला आणि म्हणाल्या, “वा, मौन फळाला आलं की! एकदम निरोगी.” त्यांना काही माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दादाची टोळी दादाकडेच राहिली. कोठीत बसायची वेळ आली नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला होता ते सगळं त्याला मिळालं.

तो कामावर जातो, ओरडतो, टोळी उड्या मारते. घरी मात्र तो बोलत नाही. अजून पेल्यावर चमचा वाजवूनच पाणी मागतो. आता शेजारीण चौकशीला येत नाही.

मध्यंतरी क्रेनवाला माझ्याकडे पँट आखूड करायला म्हणून आला. पँट नवीच होती आणि त्याच्या मापाची होती. ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, “ताई, तुमचे दादा हल्ली रेषेत उभे राहतात.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यानंच सगळं सांगितलं. दोर ताणला की दादा सगळ्यांना बाजूला करतो आणि स्वतः खुंट्याच्या मागे, दोराच्या सरळ रेषेत जाऊन उभा राहतो. रोज. प्रत्येक जहाजाला. टोळीनं हातापाया पडून पाहिलं. साहेबांनी दम दिला. साहेबांची पाठ वळली की परत तिथेच.

मी तडक खाली गेले. दादा खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, “दादा, हे काय चालवलंयस तू? सगळ्यांना शिकवतोस आणि स्वतः मरायला उभा राहतोस?” मी खूप बोलले, रडलेही. शेवटी एवढंच म्हणाला, “तिथून बाकीचे सगळे दिसतात.” अगदी साधा, बरा झालेला आवाज. मग उठून हात धुवायला गेला.

मी स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं. ती दुसऱ्या दिवशीसाठी त्याचा डबा घासून पुसत होती. मी म्हटलं, “वहिनी, तो माझं ऐकत नाही, साहेबांचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू सांग त्याला.”

तिला सगळं माहीत होतं. माझ्या आधीपासून माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत पुसलं.

“मी त्यांना एकदा सांगितलं होतं,” ती म्हणाली. “त्यांनी ऐकलं.”

मग तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि गच्चीत कपडे काढायला गेली.